शून्य पल्ल्याचा दिवा

तो चौकोन प्रत्येक बाजूला बरोबर सोळा पिक्सेलचा होता. स्क्रीनशॉट मोठा करून मी ते एकेक मोजले. आडवे सोळा, उभे सोळा. रंग पूर्ण काळा. आमच्या खेळातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यातही निळ्याचा आकडा अकराच्या खाली जात नसे, आणि इथे तिन्ही रंगांचे आकडे शून्य होते. कडा सरळ होत्या, जराही धुरकट नव्हत्या.

"झालं मोजून?" सलीम मुजावरने विचारलं. "का अजून एक चहा सांगू?"

"स्क्रीनशॉटमध्ये चौकोन आलाय. म्हणजे मॉनिटरचा दोष नाही आणि वायरचाही नाही."

"म्हणजे माझं ग्राफिक्स कार्ड गेलं?"

"तसं मी म्हटलं नाही."

"वहिनी, मी भूत म्हटलं की तुम्हाला राग येतो, म्हणून म्हणत नाही. पण भिंतीच्या आरपार दिसतंय वो ते. कुठंही उभं राहा, त्या अंगाला तोंड केलं की हजर. आणि बघत थांबलं की पसरतंय. हे बघा."

त्याने की दाबली. पडद्यावर रेस्टहाऊसचा व्हरांडा होता, पलीकडे जेवणघराची भिंत आणि भिंतीच्या मधोमध तो काळा चौकोन. सात-आठ सेकंदांत त्याच्या चारी बाजूंना आणखी चौकोन उमटले. मग त्यांच्या बाजूंना. टीपकागदावर शाई चढावी तसे ते चढत गेले आणि अर्ध्या मिनिटात पडदा काळा झाला. आवाज मात्र चालूच होता. रातकिड्यांचा, आणि लांब धरणाच्या पाण्याचा.

"गिऱ्हाईक पैसे परत मागेल की," सलीम म्हणाला.

याला आता बारा वर्षं झाली. तो डिसेंबरातला पहिला गुरुवार होता, तारीख चार. सलीमचं दुकान सांगलीच्या एस.टी. स्टँडच्या मागे होतं. सहा कॉम्प्युटर, सहा खुर्च्या, आणि तासावर खेळायला येणारी कॉलेजची मुलं. सलीम आणि माझा नवरा श्रेणिक धरणाच्या कॉलनीतल्या शाळेत एका बाकावर बसलेले. दोघांचेही वडील पाटबंधारे खात्यात. आम्ही दोघं घरी बसून जो खेळ बनवत होतो त्याची नवी प्रत दर महिन्याच्या एक तारखेला सलीमकडे जायची, आणि तो आम्हाला त्यातले दोष सांगायचा.

खेळ साधा होता. धरणावरच्या रेस्टहाऊसचा वॉचमन धुकं वर चढण्याआधी एकेका खोलीत जाऊन दिवे लावतो. चित्रं आणि खोल्या श्रेणिकच्या. त्या खोल्यांत उजेड कसा पडेल, धुक्यात कसा विरेल, याचं गणित माझं. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून सहा वर्षं कॉलेजात ऑप्टिक्सची प्रॅक्टिकल्स घेतली होती. मिरजेच्या फेऱ्या सुरू झाल्यावर नोकरी सोडली.

मिरजेच्या फेऱ्या म्हणजे डॉक्टरांच्या. मूल होत नव्हतं. प्रयोगशाळेत तयार करून गोठवून ठेवलेले गर्भ आतापर्यंत चार वेळा माझ्यात ठेवले गेले होते आणि चारही वेळा चौदाव्या दिवशीच्या तपासणीत काही उरलं नव्हतं. शेवटचे दोन शिल्लक होते. ते येत्या मंगळवारी, नऊ तारखेला, ठेवायचे होते.

आणि त्याच्या दोन दिवस आधी, रविवारी, आमचा खेळ पुण्यातल्या एका प्रदर्शनात लागणार होता. पाच वर्षांच्या कामानंतर पहिल्यांदा. आयोजकांनी त्यांच्या कॉम्प्युटरची माहिती पाठवली होती. त्यांत जी कार्डं होती तीच सलीमकडे होती. आमच्या घरच्या मशीनवर चौकोन दिसत नव्हता.

"रविवारपर्यंत जाईल का हो हे?" सलीमने विचारलं.

"आधी ते काय नाही, ते शोधते."

"काय आहे ते सोडून?"

"काय नाही ते संपलं की जे उरेल ते."

"श्रेण्या कसा नांदतोय तुमच्याजवळ कोणास ठाऊक," तो म्हणाला आणि दुसऱ्या चहाला हाक मारली.

त्या दिवशी मी पंखा बंद ठेवून कार्ड तापवून बघितलं, मग तासभर मशीन बंद ठेवून थंड असताना बघितलं. चौकोन दोन्ही वेळा तसाच. कार्डाचा जुना ड्रायव्हर घातला, नवा घातला. कार्ड काढून शेजारच्या मशीनमध्ये लावलं. सहाही मशीनवर चौकोन सोळा बाय सोळाच होता आणि त्याच ठिकाणी होता. सहा कार्डं एकाच तऱ्हेने खराब होत नाहीत. दोष आमचा होता.

नोव्हेंबरच्या एक तारखेची प्रत अजून सलीमकडे होती. तिच्यात काही दिसत नव्हतं. म्हणजे जे काही झालं ते नोव्हेंबरात झालं होतं.

घरी आले तेव्हा श्रेणिक दाराशीच होता. "सव्वासहा झाले. मला वाटलं विसरलीस."

"विसरले नाही."

त्या दिवसापासून इंजेक्शन सुरू होणार होतं, रोज संध्याकाळी साडेसहाला. हे औषध तेलातलं असतं. थंड असताना दिलं तर आत गाठ धरते, म्हणून श्रेणिक ती छोटी बाटली पाच मिनिटं मुठीत धरून बसायचा. दुसऱ्या खेपेपासून इंजेक्शन तोच देत होता. मिरजेच्या नर्सने त्याला पेनाने गोल काढून जागा दाखवली होती. तो अजूनही आधी गोल काढायचा.

"आज डावी," तो म्हणाला. आणि सुई आत असताना, मला बोलतं ठेवायला, "काय म्हणतो सलीम?"

"भूत म्हणतो."

"कार्ड असेल त्याचं. घासाघीस करून जुनी घेतो कुठून तरी."

"कार्ड नाही. सहाही मशीनवर आहे. मागच्या बाजूला तोंड केलं की दिसतं."

"मागच्या म्हणजे?"

"जेवणघराच्या पलीकडे कुठेतरी."

तो कापूस दाबून धरत म्हणाला, "पलीकडे काय आहे? काही नाही पलीकडे."

हे मला नको होतं. इंजेक्शन, मिरज, मंगळवार, यातलं काहीच. तिसऱ्या खेपेनंतर, रिक्षाने घरी येताना, मी ते स्वतःशी ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं. त्यानंतर दीड वर्षात ते मी अनेकदा बोलायला गेले. एकदा भाजी चिरताना, एकदा त्याच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, एकदा जयसिंगपूरहून माझ्या सासूबाई, अक्का, येऊन गेल्यावर. प्रत्येक वेळी तो आधी काहीतरी बोलला. सतरा नोव्हेंबरला डॉक्टर म्हणाले, "दोन आहेत अजून. बघूया की एकदा." त्यांनी श्रेणिककडे बघितलं, श्रेणिकने माझ्याकडे. मी मान हलवली, कारण त्याची मान आधीच हलली होती असं मला वाटलं. येताना मिरज रस्त्यावर स्कूटर हळू करून, मागे वळून तो म्हणाला होता, "या वेळी होणार बघ. मला आतून वाटतंय."

मी "हं" म्हटलं होतं. अशा माणसाला ते वाक्य कसं सांगायचं?

शुक्रवारी सकाळी मी आलेखाची वही, कोनमापक आणि रेस्टहाऊसचा नकाशा घेऊन सलीमकडे गेले. नोव्हेंबरात आम्ही दोघांनी मिळून चारशे बारा बदल केले होते. निम्मे-निम्मे करत तपासले तर नऊ फेऱ्यांत दोषी बदल सापडला असता, पण प्रत्येक फेरीची प्रत तयार व्हायला तीन तास लागत. तेवढा वेळ नव्हता. मात्र चौकोन नेहमी एकाच दिशेला दिसत होता, आणि दिशा मोजता येते.

"हे काय, शाळा भरली का?" सलीम म्हणाला.

"तू वॉचमनला व्हरांड्याच्या पहिल्या खांबाला चिकटून उभा कर. मग वळव. चौकोन पडद्याच्या बरोबर मधे आला की थांब."

"आला. पुढं?"

"कोन वाच. खाली कोपऱ्यात आकडा आहे."

"दोनशे चौदा."

मी खांबापासून रेघ ओढली. मग जेवणघराच्या दारातून, मग जिन्याच्या खालच्या पायरीवरून. पडदा काळा होण्याआधी प्रत्येक वेळी आकडा घ्यायचा, मग खेळ बंद करून पुन्हा सुरू करायचा. सलीमला मजा वाटू लागली. चौथ्या जागेपासून तोच सांगू लागला, "वहिनी, आता गच्चीवरनं घेऊ. वरनं खाली बघितलं की किती उंचीवर आहे तेबी कळंल."

"शाळेत गणितात किती होते तुला?"

"श्रेण्याच्या पेपरात जेवढे दिसले तेवढे."

पाच रेघा झाल्या. त्या कागदावर जिथे भेटल्या ती जागा माझ्या करंगळीच्या नखाएवढी होती. उंची जमिनीपासून दोन फूट.

"काय आहे तिथं?" सलीम कागदावर वाकला. "मला तर ही खोली खेळात कधी दिसलीच नाही."

"दार बंद केलंय तिचं. भिंत घातलीये."

"कशाला?"

"खेळ लांबत होता," मी म्हणाले.

ती खोली नंबर सात होती. पहिल्या आराखड्यात वॉचमन एकटा नव्हता. मागच्या सात नंबरच्या खोलीत त्याचं बिऱ्हाड होतं, बायको आणि एक लहान मूल. श्रेणिकने तिथे लाकडी पाळणाही करून ठेवला होता. पुढे गोष्ट बदलली. बिऱ्हाड गेलं आणि खोलीला भिंत घातली. पण आत जे होतं ते गेलं नाही, कारण आमच्या घरात एक नियम होता. तो मीच कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवला होता: काहीही पुसायचं नाही, शून्य करून ठेवायचं. दुसऱ्या वर्षी श्रेणिकने एक नको असलेला जिना पुसून टाकला होता आणि त्या एका जिन्यापायी अकरा दारांचे अनुक्रमांक सरकले. कुठलंही दार उघडलं की भलतीच खोली. ते निस्तरायला तीन आठवडे लागले. तेव्हापासून नको असलेली वस्तू असेल तर तिचा आकार शून्य करायचा, दिवा असेल तर उजेड शून्य. वस्तू यादीत राहते, दिसत नाही, आणि कोणाला अडचण होत नाही.

संध्याकाळी श्रेणिक बाटली मुठीत धरून बसला होता. मी म्हणाले, "रेघा सात नंबरमध्ये भेटतायत."

तो लगेच म्हणाला, "तिथे काही नाही. बंद केलीये ती."

"उंची दोन फूट आहे."

"त्रिशला, तिथे काही नाही म्हटलं ना. तुझं धुक्याचं गणित तपास एकदा." मग आवाज खाली आणून, "आज उजवी."

तो माझ्यावर सहसा चिडत नसे. मी धुक्याचं गणित तपासलं. ते बरोबर होतं.

शनिवारी सकाळी तो प्रदर्शनाचा बॅनर आणायला प्रेसमध्ये गेला. मी दिव्यांची यादी उघडली. सगळ्या खेळात मिळून दोनशे एकोणीस दिवे होते. त्यातले सात नंबरच्या खोलीतले वेगळे काढले. पाच निघाले. मला एकही आठवत नव्हता. पाचही एकाच जागी, पाळण्याच्या डोक्याशी, जमिनीपासून दोन फुटांवर.

श्रेणिक दिव्यांना नावं देतो ती साधी असतात: व्हरांडा एक, व्हरांडा दोन, जिना खालचा. या पाचांना नावांऐवजी तारखा होत्या. चौदा मार्च. दोन नोव्हेंबर. तीस जुलै. सत्तावीस फेब्रुवारी. आणि नऊ डिसेंबर.

पहिल्या चार तारखा मला पाठ होत्या. मिरजेच्या फाईलवर त्या लाल पेनाने लिहिलेल्या होत्या. नऊ डिसेंबर अजून आलेला नव्हता.

दोष शोधताना मी एका वेळी एकच गोष्ट बघते. आधी आकडे बघितले. माझ्या गणितात प्रत्येक दिव्याचे दोन आकडे असतात. एक तीव्रता, म्हणजे उजेड किती. दुसरा पल्ला, म्हणजे तो उजेड किती लांब पोचणार. एका ठिकाणी मी तीव्रतेला पल्ल्याने भागते. पहिल्या चार दिव्यांची तीव्रता शून्य होती, पण पल्ला तीन. शून्य भागिले तीन म्हणजे शून्य. काही बिघडत नाही. पाचव्या दिव्याची तीव्रताही शून्य होती आणि पल्लाही शून्य. शून्य भागिले शून्य याला उत्तर नाही. आमच्या घरचं कार्ड असं काही समोर आलं की मुकाट्याने शून्य धरत असे. सलीमची कार्डं धरत नव्हती. माझं गणित पडद्याचे सोळा बाय सोळाचे तुकडे करून चालतं; ज्या तुकड्यात तो दिवा पडे तो अर्थहीन होई, आणि धुकं मऊ दिसावं म्हणून मी प्रत्येक चित्र आधीच्या चित्रात मिसळत असल्यामुळे तो अर्थहीन तुकडा शेजाऱ्यांत मिसळत जाई. एवढंच होतं. भागण्याआधी पल्ला शून्य आहे का, हे मी तपासलं नव्हतं. पल्लाच शून्य असलेला दिवा कोणी करेल, असं माझ्या मनात आलं नव्हतं.

मग मी नोंदी उघडल्या. केलेला प्रत्येक बदल कॉम्प्युटर आपोआप लिहून ठेवत असे: कोणी केला, कधी केला, आधीचा आकडा, नंतरचा आकडा.

चौदा मार्चचा दिवा चौदा मार्चलाच केला होता. तीव्रता साठ, पल्ला तीन. साठ म्हणजे छोटा, पिवळसर उजेड, निजलेल्या माणसाच्या डोळ्यांवर येणार नाही असा. अठ्ठावीस मार्चला कोणीतरी तीव्रता शून्य केली होती. कोणीतरी म्हणजे श्रेणिकने. मधले चौदा दिवस तो दिवा भिंतीमागच्या त्या खोलीत, जिथे खेळणारं कोणी जाऊ शकत नव्हतं तिथे, जळत होता.

दोन नोव्हेंबरचा सोळा नोव्हेंबरला बंद. तीस जुलैचा तेरा ऑगस्टला. सत्तावीस फेब्रुवारीचा तेरा मार्चला. प्रत्येक वेळी साठ, प्रत्येक वेळी पल्ला तीन, आणि चौदा दिवसांनी फक्त तीव्रता शून्य.

नऊ डिसेंबरचा दिवा सतरा नोव्हेंबरला केला होता, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. त्या दिवशी आम्ही मिरजेहून तीन वाजता घरी आलो होतो. मी चहा टाकला होता, तो आत जाऊन कामाला बसला होता. ही नोंद मी तीनदा वाचली. आधीचा आकडा असा काही नव्हता. तीव्रता साठ नव्हती. तो दिवा करतानाच शून्य केला होता, दोन्ही आकड्यांनी.

मी उठून गॅसवरचं दूध बघून आले. मग परत बसून एक ओळ लिहिली: पल्ला शून्य असेल तर भागू नये. प्रत तयार व्हायला लावली. तीन तास मी स्वयंपाकघरात होते. काय केलं ते आठवत नाही. दोन वाजता पेन ड्राइव्ह घेऊन सलीमकडे गेले.

तो व्हरांड्यात उभा राहिला, वळला, दोन मिनिटं थांबला. जेवणघराची भिंत तशीच होती, मातकट पिवळी. चौकोन आला नाही.

"गेलं!" सलीमने खुर्ची मागे सारली. "आईशप्पथ गेलं. काय होतं वो, वहिनी?"

"एक दिवा होता. नीट बंद केलेला नव्हता."

"अन् मी इकडं भूत पळावं म्हणून चार दिवस आयतल कुर्सी म्हणत होतो!" तो हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. "आता खूष व्हायचं की. चेहरा असा काय? पुण्याला तुम्ही जात नाही ना? जाऊ नका. मंगळवारचं बघा. आमची नूरजहान रोज दुआ मागते तुमच्यासाठी."

"तिला सांग..." मी म्हणाले, आणि पेन ड्राइव्ह काढून शेजारच्या मशीनला लावला.

तो खेळ रविवारी प्रदर्शनात दिवसभर नीट चालला. पुढे तो थोडा विकला गेला, मग विकला जाईनासा झाला. आता तो कुठे मिळत नाही. हे सांगते, कारण खेळाचं काय झालं असं लोक विचारतात.

सहाही मशीन तपासून घरी आले तेव्हा सव्वासहा होत होते. श्रेणिक हॉलमध्ये जमिनीवर बसून बॅनर गुंडाळत होता. पहाटेच्या गाडीचं तिकीट टीव्हीवर ठेवलेलं.

"सलीमचा फोन आला होता," तो म्हणाला. "गेलं म्हणे. शाब्बास! काय होतं शेवटी?"

"शून्याला शून्याने भाग जात होता."

"कुठे?"

"सात नंबरमध्ये."

त्याचे हात बॅनरवर थांबले. मग त्याने उरलेला बॅनर गुंडाळला, रबर लावलं, तो भिंतीला टेकवून उभा केला. उठून आत गेला आणि औषधाची बाटली घेऊन आला. खुर्चीत बसला, बाटली मुठीत धरली. हे सगळं त्याने रोजच्यासारखंच केलं.

"बघितलंस तू," तो म्हणाला.

"हो."

"पुसलंस?"

"आपण पुसत नाही काही."

त्याने मान हलवली. बाहेर खालच्या मजल्यावरच्या कुळकर्णी काकू कोणाला तरी गाडी बाजूला घ्यायला सांगत होत्या. ती गाडी बाजूला होईपर्यंत आम्ही दोघं ऐकत राहिलो.

मी म्हणाले, "पहिल्या चारांचा पल्ला तू तीनच ठेवलास. उजेड तेवढा काढून घेतलास."

"हं."

"पाचव्याचा पल्ला का शून्य केलास?"

मुठीतली बाटली त्याने दुसऱ्या मुठीत घेतली.

"पुन्हा तिथे जाऊन बंद करावा लागू नये म्हणून," तो म्हणाला.

"सतरा तारखेलाच?"

"हो."

"स्कूटरवर म्हणालास, होणार."

"तू मागे अगदी गप्प बसली होतीस. काहीतरी बोलायला हवं होतं." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "तुला हवं होतं ना? तू मान हलवलीस डॉक्टरांसमोर. मग मी कोण नाही म्हणणार? सगळं तुझ्या अंगावर होतं. सुया तुला, गोळ्या तुला. तू तयार असताना मी थांबू म्हणायचं?"

"मी तुझी मान बघून हलवली."

"मी हलवली नव्हती."

"मला वाटलं हलवलीस."

तो हसल्यासारखा झाला. तोंडाच्या एका कोपऱ्याने, क्षणभर. मग तेही गेलं.

"अक्का मंगळवारी सकाळीच येणार आहे," तो म्हणाला. "नेम धरलाय तिने. गोड खात नाही महिनाभर."

"माहीत आहे."

"शेवटचे दोन आहेत ते."

"माहीत आहे, श्रेणिक."

घड्याळात साडेसहा झाले. तो उठला. टेबलावर सिरिंज, कापूस आणि पेन मांडून ठेवलेलं होतं. त्याने मूठ उघडून बाटली उजेडात धरली. आतलं तेल पातळ झालं होतं, भिंतीवरून सहज ओघळत होतं. त्याने पेनाचं टोपण काढलं.

"झालंय गरम," तो म्हणाला. "आज डावी."

मी वळले नाही. दीड वर्ष तयार असलेलं वाक्य मला आठवेना. त्यात बरीच कारणं होती, काही आकडेही होते. ते सगळं गेलं होतं.

"ते खाली ठेव," मी म्हणाले. "आपण मंगळवारी मिरजेला जायचं नाही. परत कधीच जायचं नाही."